गेमखालचं कीर्तन

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये श्रीनिवासनं हौसेनं आणलेल्या, कॅसेटवरून गेम चालवणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर जोडला आणि दहावीत गेम भरून घेतलेली कॅसेट लावली. गेमची खरखर संपली, तशा चिपळ्या वाजल्या आणि त्याच्या दिवंगत वडिलांचा गाता आवाज आला.

पुण्याहून आलेली आई ताडकन उठली. त्यांच्या कीर्तनाची ही एकमेव कॅसेट सुनेनं, सुरेखानंच हरवली, असं ती वीस वर्षं सगळ्यांना सांगत होती.

"कोरी कॅसेट मिळेना, म्हणून मीच बाबांच्या कॅसेटवर गेम भरला, आई," श्रीनिवास पुटपुटला.

"ऐकलंत ना? तेव्हा मी या घरात आलेही नव्हते!" सुरेखा कडाडली.

सासूबाईंनी डोळे पुसले.

 

"तेच म्हणते मी! वेळेवर आली असतीस, तर त्याला हा नाद लागलाच नसता."