हॅझर्डबाईंचा गुलाब

कात्रीचा आवाज झालाच. व्हर्नेल ग्रेसननं श्वास रोखून कानोसा घेतला. पलीकडे अझेलियाच्या ताटव्यापाशी पाहुणे फोटो काढण्यात गुंग होते. गुलाबाची वीतभर फांदी तिनं ओल्या कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये सारली. तेवढ्यात काट्यानं डाव साधला. अंगठ्यातून रक्त यायला लागलं, ते थांबेना. आणि अंगावर होता चर्चला घालायचा पांढरा झगा.

तसं ब्यूफर्ट गावात फांदी चोरणं हे काही पाप नव्हे. मागून आणलेल्या रोपाला ‘थँक्यू’ म्हटलं की ते मरतं आणि चोरून आणलेलं हमखास जगतं, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. भल्या घरच्या बायका एकमेकींकडे चहाला जातात त्याच मुळी पर्समध्ये कात्री टाकून. यजमानीणही बर्फ आणायच्या निमित्तानं आत जाते आणि मुद्दाम वेळ लावते. अर्ध्या गावाच्या बागा अशाच फुलल्यात. पण कुणाची चोरी हसण्यावारी न्यायची आणि कुणाची नाही, हे गाव माणूस बघून ठरवतं.

व्हर्नेलची आई इझोला हॅझर्डांच्या याच घरात स्वयंपाक करायची. या गुलाबाला कात्री लावताना ती सापडली आणि थोरल्या हॅझर्डबाईंनी तिला त्याच दिवशी हाकलून दिलं. मग गावात कुणी तिला स्वयंपाकघरात उभं केलं नाही. बिचारी खाडीवर कालवं फोडत राहिली. त्या प्रकाराबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. बोलत नाही म्हणजे कबूल आहे, असं गावानं धरलं. खरं सांगायचं तर व्हर्नेलनंही तेच धरलं होतं. चर्चच्या बाकावर आईशेजारी बसताना तिला लहानपणापासून लाज वाटत आली होती.

आता इझोलानं अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. काल तिनं लेकीचा हात घट्ट धरला आणि एवढंच मागितलं, “हॅझर्डांच्या बागेतला तो गुलाब माझ्या कबरीवर लाव. उशाशी लाव.” व्हर्नेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरतानाही तेच डोहाळे! पण आई ती आई. तो फिकट पिवळा गुलाब गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्यात हॅझर्डांचं घर विकलं गेलेलं. परवा नवा मालक ताबा घेणार आणि गुलाबाच्या जागी पोहण्याचा तलाव खणणार. दर वसंतात गावातल्या जुन्या बागा पाहुण्यांसाठी उघडतात, त्याचा आज शेवटचा दिवस होता. म्हणून तिनं रीतसर तिकीट काढलं होतं आणि पर्समध्ये कात्री टाकली होती.

“अहो बाई, हे रक्त कसलं?”

छातीवर स्वयंसेविकेचा बिल्ला लावलेल्या मिसेस प्रुइट अगदी पाठीशी उभ्या होत्या.

“ओरखडलंय जरासं.”

“या बागेत काटे एकाच झाडाला आहेत. पर्स उघडता का?”

“माझी पर्स मी का उघडू?”

“मग चला वर मिस कॉर्डेलियांकडे. त्यांच्यासमोर उघडा, नाहीतर पोलिसांसमोर.”

एव्हाना पाहुण्यांचे फोन अझेलियावरून तिच्याकडे वळले होते. पळून जावं तर फाटकापर्यंत ही गर्दी. फांदी टाकून द्यावी तर आई रिकाम्या हातानं जाणार. व्हर्नेलनं पर्स पोटाशी धरली आणि पायऱ्या चढली. जशी आई तशी लेक, असं उद्या सगळं गाव म्हणणार होतं.

ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत थोरल्या हॅझर्डबाईंच्या कन्या मिस कॉर्डेलिया हॅझर्ड बसल्या होत्या. डोळे गेले होते निम्मे, जीभ मात्र शाबूत होती.

“काय गं प्रुइट, बदक धरल्यासारखी कुणाला घेऊन आलीस?”

“चोर धरलाय. तुमच्या आईच्या गुलाबाला कात्री लावली हिनं.”

म्हातारी पुढं झुकली. “कुणाची गं तू?”

खोटं नाव व्हर्नेलच्या जिभेवर आलं होतं. पण खाटेवर पडलेल्या आईचं नाव टाकून देणं तिला जमेना.

“इझोला ग्रेसनची.”

मिस कॉर्डेलियांच्या हातातला पंखा थांबला. मग त्यांनी हात पुढं केला. व्हर्नेलनं पर्स दिली. म्हातारीनं ओला कागद उलगडला, फांदीवरून बोट फिरवलं, कळी नाकाशी धरली.

“आहे का इझोला?”

“आहे. फार दिवस नाही.”

“आणि तिच्यासाठी एवढीशीच नेतेस?”

व्हर्नेलला वाटलं, बाई थट्टा करताहेत. तिचे डोळे भरून आले, रागानंच.

“प्रुइट, मागच्या खोलीतून कुदळ आण.”

“कुदळ? मी पोलिसांना फोन लावत होते...”

“कुदळ म्हणाले मी. आणि दोन धट्टेकट्टे पाहुणे बोलाव. झाड मुळासकट निघायला हवं.”

पाहुणे पायऱ्यांशी येऊन थबकले. मिस कॉर्डेलिया खुर्चीचा हात धरून उठल्या आणि बागेच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात व्हर्नेलला म्हणाल्या, “माझ्या आईनं हा गुलाब तुमच्या अंगणातून रात्री खणून आणला, तेव्हा कंदील मी धरला होता. तू मात्र दिवसाढवळ्या ने, पोरी, पुढच्या फाटकातून.”