खिट्टी

"माफी नको मला," आजी म्हणाल्या. "तू आत शिरलास कुठून, तेवढं सांग."

तो खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला होता. वर्षापूर्वी भर दुपारी, घर झोपेत असताना, त्यानं इथूनच मिक्सर आणि आजोबांचं घड्याळ उचललं होतं. शिक्षेचे उरलेले महिने बाहेर राहून, देखरेखीखाली काढायची परवानगी त्याला मिळाली होती. देखरेख करणाऱ्या मॅडम शेजारीच होत्या. येताना त्यांनी बजावलं होतं, "आजी विचारतील ते खरं सांगायचं. थाप सापडली तर परत आत. मग माझ्या हातात काही नाही."

"घड्याळाचं जाऊ दे," आजी म्हणाल्या. "पण मिक्सर नेऊन त्याची भांडी इथेच ठेवणारा बावळट माझ्या घरात आला कसा? कुठे काही मोडलं नाही, तुटलं नाही. ही म्हणते, दार लावलं होतं. मी म्हणते, उघडं टाकलंस. वर्षभर तेच चाललंय."

'ही' म्हणजे सून. भांडी घासता घासता ती साबणाच्या हातांनीच दाराशी येऊन उभी राहिली होती. तिची मान आणखी खाली गेली.

त्यानं पुढच्या दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलो."

"अरे, तिची खिट्टी मी स्वतः लावते रोज!"

"हलवली की बाहेरून निघते, आजी."

आजींचे डोळे लकाकले. "काढून दाखव बघू."

तिघं घराला वळसा घालून मागे गेली. सून आत भांड्यांकडे वळली.

त्यानं दुधी काचेचं झडप धरून हलवलं. काही नाही. पुन्हा हलवलं. मॅडम त्याच्याकडे रोखून बघू लागल्या. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

तिसऱ्यांदा हात लावला, तसं आत 'टक्' वाजलं आणि झडप उघडलं.

"अगं बाई!" आजी खिडकीतून आत ओरडल्या. "ऐकलंस का गं? ही खिडकीच दगाबाज! आणि मी मेली उगाच तुला..." पुढचं त्यांनी गिळलं.

सून पाठमोरी उभी राहून एकच पातेलं घासत होती.

मॅडम वाकल्या. खिट्टीवर साबणाचा फेस होता. त्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग अंगठ्यानं तो पुसून टाकला.

"आजी," त्या म्हणाल्या, "ही खिट्टी बदलून घ्या बरं का."