झोपलेला हात

खांद्याच्या ऑपरेशनला पूर्ण भूल दिली, तेव्हाच डॉक्टरांनी मानेपाशी वेगळं इंजेक्शन टोचलं होतं. "दर्द नहीं होगा. हाथ कल तक सोएगा."

शुद्धीवर आलो. उजवा हात जणू नव्हताच. माझी बायको प्रमोदिनी पलंगाशी बसली होती, घमापुरात भरलेल्या हिरव्या बांगड्यांचा हात माझ्या चादरीखाली घालून.

"एवढं काहून दाबून राहिले?"

"मी? हात झोपलाय माझा."

"सोडा ना!"

सिस्टरनं गाऊन सारला. उजवा हात छातीशी पट्ट्यात बांधलेला, बोटं लुळी. सलाईनचा डावा हात चादरीवर, सगळ्यांसमोर.

प्रमोदिनीचा हात निघेना.

चादरीखाली काच कडकन वाजली.

"वाढली," ती सवयीनं पुटपुटली. बांगडी फुटली, असं आम्ही म्हणत नाही.

मग तिच्या वरची, कोपराकडची, वाढली.