दोन घास परत

पुरात घरं गेली, म्हणून ऐंशी माणसं शाळेत ओळीनं बसलेली आणि भाताचं पातेलं एकच. आचाऱ्याचा हात मूळचाच सढळ, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी हातातला डाव काढून घेतला आणि कप दिला. "शेवटच्याला वाढेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही." "ताटात भात आणि तोंडाला कुलूप, बाई?" आचारी कुरकुरला. "भात देवानं धाडला. वाढायची अक्कलही त्यानंच दिलीय." समोरच आचाऱ्याची नात, कालची उपाशी, ताटाकडं टक लावून बसली होती. शेवटचा कप वाढून पातेलं खरवडलं आणि दार वाजलं. होडीतून आणखी वीस जण आले होते. आचाऱ्यानं रिकाम्या पातेल्यात पाहिलं. बाई म्हणाल्या, "बसवा ओळीत. पातेलं फिरवा, प्रत्येकानं दोन घास परत घालायचे." पहिलं ताट नातीचंच होतं. आचाऱ्यानं मान फिरवून पातेलं पुढं केलं. "दोनच ना, आजोबा?"