सायीसारखा पडदा

"सशाच्या डोळ्यात औषध सोडतासा म्हणं?" लेकीच्या प्रयोगशाळेत शिरताच आप्पांनी नाक मुरडलं.

"ते दिवस गेले, आप्पा." सुलक्षणानं अभिमानानं एक कडी उचलली. कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा त्या कडीत ताणून बसवला होता. तिनं तो वर्तमानपत्रावर धरला. आप्पांनी मान वाकडी करून खालची बातमी घडाघडा वाचली. म्हातारपणाची खोड, म्हणून ती हसली.

मग आप्पांनीच घरून आणलेलं, द्राक्षबागेवर मारायचं औषध तिनं पडद्यावर सोडलं. ते भिनेपर्यंत ती त्यांना बोलत राहिली. चष्मा घालत नाही, फवारणी पंपाचं नोझल चोंदलं की तोंडासमोर धरून साफ करता, कितीदा सांगायचं?

औषध धुऊन तिनं पडदा पुन्हा कागदावर धरला. तापल्या दुधावर साय धरावी तसा तो पांढरा पडला होता आणि खालचं एकही अक्षर दिसत नव्हतं. आता तरी हे हबकतील, असं तिला वाटलं.

आप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि तिच्याकडे तोंड केलं.

"मान वाकडी करतो ती खोड नव्हं, पोरी. गेल्या छाटणीपासनं या उजव्या डोळ्यानं सगळं असंच दिसतंय."

सुलक्षणाला धीर द्यायला आप्पांनी, डावा डोळा तसाच झाकून, दुसरा हात पुढं केला. तो तिच्या खांद्याशेजारी, रिकाम्या हवेवर थोपटत राहिला.