पोलिश बाप

शुक्रवार म्हणजे शारजात आमची आठवड्याची एकुलती सुट्टी, आणि टीव्हीवर लागली होती पोलिश कॉमेडी. ना हिरो, ना गाणं, दोन खोल्यांत उरकलेला सिनेमा. सबटायटल्सही अरबीत. मी वैतागून रिमोट शोधायला लागलो.

"राहू दे, डॅडी," माझी दहा वर्षांची व्हिवियन म्हणाली. "शाळेत अरेबिक आहे मला. मी सांगते."

पडद्यावर एक टकला बाप जेवणाच्या टेबलावर पोराला झापत होता.

"तो म्हणतोय, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं."

"खरंच बोलतोय," मी म्हणालो.

"मुलगा म्हणतोय, हे तू रोज सांगतोस."

"उद्धट कार्टं."

"मुलगा म्हणतोय, तू माझ्याशी फक्त मार्कांचंच बोलतोस. फिरायला नेतो म्हणालास, त्याला चार शुक्रवार झाले."

मी रिमोट शोधायचा थांबलो.

तेवढ्यात माझी बायको बर्था स्वयंपाकघरातून रिपोर्ट कार्ड घेऊन आली. "लिओ, यावर सही कर. आणि बघ, तुझ्या लेकीने काय दिवे लावलेत. अरेबिकमध्ये शंभरपैकी नऊ."

व्हिवियन टीव्हीकडेच बघत राहिली. मी मुकाट्याने सही केली.

"मग?" मी तिला विचारलं. "पुढे काय म्हणतो तो मुलगा?"