ऋषिराजचं मंगलाष्टक

मालक गेल्यापासून माझ्या धाकट्या जावेला, मंदाकिनीला, माझा फोन नंबर काही सापडत नव्हता. लेकाचं लग्न ठरलं आणि लगेच सापडला. नंबरच काय, लोणी देवकरहून जळोचीला येऊन माझ्या पोराचा फ्लॅटही बरोबर सापडला.

"आक्का, आपल्या ऋषिराजचं मंगलाष्टक तुमीच लिवायचं. समद्यांची नावं घालून असं गुंफणारं दुसरं कोण हाय आपल्यात?"

हे मात्र बाई खरं बोलली. मी चौथी शिकलेली, पण भावकीतलं एकही लग्न माझ्या मंगलाष्टकाशिवाय लागलं नव्हतं. मालक गेले, गाव सुटलं, त्यात लिहिणंही सुटलं. आता पेन हातात धरलं तर आधी शब्दच येईनात. मग ऋषिराज माझ्या पदराला धरून चालायला शिकला ते आठवलं आणि सगळी कडवी एका बैठकीत उतरली.

मंदाकिनीनं वाचलं, डोळे पुसले. कागद जपून पर्समध्ये ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आक्का, हळदीला आन अक्षता पडताना तेवढं मागंच बसा हं. मी न्हाय मानत असलं काय, पण पाव्हणे नावं ठेवत्यात."



मी म्हटलं, "बसते की, मंदे. फकस्त माझ्या शेजारी त्या मंगलाष्टकालाबी एक खुर्ची ठेव. तेबी विधवेनंच लिवलंय."